नाताळचा फराळ

नाताळ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो मूळचा आपला नाही, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पोर्तुगीज भाषेतला 'नाताल' आपण उचलला आणि शेवटच्या 'ल'चा 'ळ' करून घरचा करून टाकला. ळ लागला की शब्द मराठी झाला, असं मी वर्गात मुलांना गमतीनं सांगत असे. आमच्या शहरात उर्दू बोलणारे शेजारी याच सणाला 'बडा दिन' म्हणत. म्हणजे एकाच गल्लीत एका सणाला दोन नावं, आणि चर्चच्या फाटकावर 'ख्रिस्तजयंती' असं तिसरं.

मंडळी, हे सगळं आठवायला कारण घडलं. गेल्या डिसेंबरात फोनवर एक निरोप फिरत आला. हा सण आपला नाही, मुलांना केक खायला घालू नका, वगैरे. पाठवणारी माझीच एक जुनी विद्यार्थिनी. तिला उत्तर काय देणार? पण निरोप वाचताना हसू आलं, कारण तो लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी बटाट्याची भाजी नक्की झाली असणार. बटाटा, पाव, काजू, अननस, पपई हे सगळे शब्द पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरलेले. घमेलं, बादली आणि चावीसुद्धा तिथलीच. मिरचीचं नाव आपलं असलं तरी ती स्वतः त्यांच्याच बरोबर आली. तेव्हा आपलं आणि परकं यांची वाटणी निदान चुलीपाशी तरी करू नये.

पण गंमत बाजूला ठेवते. कारण आपल्याकडे धर्माचा सगळा इतिहास चुलीपाशीच घडलेला आहे. लहानपणी तुम्हीही ऐकलं असेल की फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला आणि सगळं गाव बाटलं. ही गोष्ट आपण पाद्र्याचा कावा म्हणून सांगतो. जरा उलट्या बाजूनं पाहा. पाण्यात पाव पडल्यानं माणूस ख्रिस्ती होत नाही, पाद्र्याच्या शास्त्रातही होत नाही. ते पाणी प्यायलेल्यांना 'तुम्ही आता आमचे नाही' असं सांगणारे कोण, तर शेजारच्या गावातले आपलेच लोक. दार बाहेरून उघडलं असेल, पण कडी आतून लागली.

दुसऱ्या बाजूलाही चुलीवर पहारा होताच. गोव्याच्या इन्क्विझिशननं १७३६ साली एक फर्मान काढलं. त्यात नवख्रिस्त्यांनी काय काय करू नये याची लांबलचक यादी आहे. अंगणात तुळस लावू नये, धोतर-चोळी वापरू नये, लग्नात जुनी गाणी म्हणू नयेत. त्यातच एक कलम असं की हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये! अ. का. प्रियोळकरांनी या सगळ्या प्रकरणावर ग्रंथ लिहिला आहे, तो जिज्ञासूंनी जरूर पाहावा. मला मात्र ते मिठाचं कलम वाचून त्या घरातल्या बाईची आठवण होते. रोजच्या भातात मीठ घातलं की नाही, हे पाहायला सरकार येतंय, ही कल्पनाच करवत नाही.

आणि इतकं करूनही काय झालं? गोव्याच्या ख्रिस्ती घरात नाताळला जो गोडाधोडाचा फराळ ताटातून शेजारी जातो, त्याला 'कुस्वार' म्हणतात. त्यात दोदोल असतो, बेबिंका असते आणि मधोमध असते नेवरी. नेवरी म्हणजे आपली करंजी. तीच पारी, तेच सारण, तीच कातरलेली कड. फर्मान काढणारे गेले, करंजी राहिली.

त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली आला. त्यानं मराठी शिकून 'क्रिस्तपुराण' रचलं आणि ते १६१६ साली राचोलला छापलं. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही रोमन लिपीत छापलेल्या. येशूच्या जन्माची कथा मराठी ओवीत येऊन चारशे वर्षं झाली, इतकं सांगितलं तरी पुरे.

वसईकडची कथा थोडी निराळी. तिथं १५३४ ते १७३९ पोर्तुगीज होते. चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले, पण तिथले ख्रिस्ती कुठं जाणार? ते इथलेच. ते आपली बोली बोलत आणि आपली शेती करत तिथंच राहिले. पुढं मुंबईत गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्ती नोकरीसाठी येऊ लागले, तेव्हा आपलं वेगळेपण दाखवायला या मंडळींनी 'ईस्ट इंडियन' असं नाव घेतलं. साल १८८७, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचं. (मुंबई-वसईच्या मराठी माणसांचं नाव ईस्ट इंडियन! इतिहास कधी कधी विनोदी असतो.) त्यांचा बाटलीत भरून ठेवलेला मसाला, आंबवलेल्या पिठाचे गोल फुगे, बदकाचं मोईल, इंद्याल, यावर लिहायला मी अधिकारी नाही. मी शाकाहारी घरात वाढले. पण तिथली कलकल मी खाल्ली आहे आणि करतेही. ती कशी माझ्यापर्यंत आली ते पुढं येईलच.

आमच्या मराठवाड्यात नाताळ आला तो समुद्रावरून नाही. इथं निजामाचं राज्य. औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, तिथं गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी चर्च आलं. पण मराठी ख्रिस्ती माणसं आली ती मिशनच्या वाटेनं. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी 'बेथेल' नावाचं गाव वसवलं. हे शेषाद्री जन्मानं ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले. त्यांना जमीन दिली ती निजामाच्या दिवाणानं, सालारजंगानं. म्हणजे मुसलमान राज्यात, ब्राह्मणाचा ख्रिस्ती झालेला माणूस, महार-मांगांसाठी गाव वसवतो आहे. असल्या गोष्टी पाठ्यपुस्तकात बसत नाहीत, म्हणून मुलांना त्या कळतच नाहीत.

इथले बहुतेक ख्रिस्ती हे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेले. दुष्काळात मिशननं जेवू घातलं, शाळा दिली. गावानं त्यांना 'पोटासाठी बाटले' म्हणून हिणवलं. हिणवणाऱ्यांनी त्यांच्या पोटाची सोय कधी केली होती, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

आता या घरांत नाताळला काय शिजणार? इथं ना पोर्तुगीज खानसामा, ना नारळाची बाग. मग त्यांनी जे येत होतं तेच केलं. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू, अनारसे. दिवाळीचा फराळ महिना-दीड महिना पुढं सरकला, इतकंच. दिवाळीच्या कंदिलाच्या कामट्या आणि चिकटवायचे रंगीत कागद तेच, फक्त आकार चांदणीचा. भजनाला पेटी आणि ढोलकी तीच. त्यात गाणी रेव्हरंड टिळकांची, आणि रेव्हरंड टिळक तर कीर्तनही करीत.

आमच्या घराला लागून छावणीत एक ख्रिस्ती कुटुंब राहत होतं. काका रेल्वेत, आक्का घरी, चार मुलं आणि गंगापूरकडच्या खेड्यातून आलेल्या आक्कांच्या सासूबाई. मी साधारण दहा-बारा वर्षांची असेन, म्हणजे १९६० नंतरची एक-दोन वर्षं. १५ डिसेंबर उलटला की त्या घरातून तुपाचा वास सुरू व्हायचा. नानकटाईसाठी मैदा, पिठीसाखर आणि तूप समसमान घेऊन, त्यात थोडं बेसन घालून पत्र्याच्या डब्यात मळलेलं पीठ बेकरीवर न्यायचं. भट्टीपाशी नंबर लावून बसायचं. आपल्या ट्रेची ओळख पटावी म्हणून आक्का प्रत्येक नानकटाईवर बोटानं फुली काढत. ती फुली म्हणजे क्रूस, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. पुढं विचारलं तर म्हणाल्या, "अगं, बाकीच्या बाया ठिपका काढायच्या, म्हणून मी फुली."

चोवीस तारखेला ताट यायचं. भरतकामाच्या रुमालानं झाकलेलं. आणि इथं खरी गोष्ट सुरू होते.

आमची आजी ते ताट हसतमुखानं घ्यायची. आक्कांना हळदकुंकू नको म्हणून नुसता हातावर साखरेचा खडा ठेवायची. आणि आक्कांची पाठ वळली की ताट मागच्या दारानं गोठ्यात. गाईपुढं. आम्ही भावंडं खांबाआडून करंज्यांकडे बघत राहायचो. संक्रांतीला आमच्याकडून तिळगूळ जायचा तो मात्र त्या घरात सगळे खात. घेणं एका बाजूनंच चालायचं. आक्कांना हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. तरी ताट दर वर्षी यायचं, आणि दर वर्षी नीट रचलेलं असायचं.

हे आमच्याच घरात होतं असं नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झाली. ती वाचताना मला पहिल्यांदा कळलं की हा किती मोठा प्रश्न होता. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पुढं काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. देव एक की दोन, यावर त्यांचं अडलं नव्हतं. अडलं होतं ते कुणाच्या हातचं खायचं, यावर. आणि ते एकदा सुटल्यावर पुढचं सोपं झालं, १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचं प्रवचन जे करू शकलं नाही, ते त्यांनी स्वतःशी भांडून केलं.

पंडिता रमाबाईंचं याच्या नेमकं उलट. त्यांनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. तिथल्या सिस्टर जेराल्डिनना हा जातीचा उरलेला ताठा वाटे. रमाबाईंचं म्हणणं असं की मी ख्रिस्ती झाले, पण वाडवडिलांच्या चालीरीती जेवढ्या पाळता येतील तेवढ्या पाळीन. नाताळच्या ताटात काय आहे यावरून माणसाची श्रद्धा मोजायची खोड दोन्हीकडे सारखीच.

आमच्या घरातला पेच सुटला तो मात्र अनारशांमुळे. एका वर्षी आक्कांचे अनारसे हसले. अनारसा हसतो म्हणजे तुपात सोडला की पसरून त्याचा चुरा होतो. तीन दिवस भिजवलेले, रोज पाणी बदललेले, सावलीत वाळवून कुटलेले तांदूळ, वर गूळ. इतकं सगळं वाया जाणार. आक्का कुंपणापाशी आल्या आणि आईला म्हणाल्या, "वहिनी, जरा येऊन बघता का?"

आजी देवळात गेली होती. आईनं पदर खोचला आणि गेली. मीही मागोमाग. आईनं पिठाची गोळी दोन बोटांत दाबून पाहिली, जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "गूळ जास्त झालाय." मग राखून ठेवलेली कोरडी पिठी होती ती त्यात मळून घातली, गोळा झाकून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन स्वतः खसखशीवर थापून मंद तुपावर तळून दाखवले. खसखशीची बाजू वर, उलटायचं नाही, झाऱ्यानं तूप उडवत राहायचं. जाळी सुरेख पडली. आक्कांनी पहिला अनारसा आईच्याच हातावर ठेवला.

आईनं तो उभ्या उभ्या खाल्ला. आक्कांच्या सासूबाई दारात बसल्या होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, "वहिनी, आमच्या गावात तुमच्या वाड्याच्या पायरीवर आम्हाला चढू देत नव्हते." म्हणजे आमच्या वाड्याच्या नव्हे, आमच्यासारख्यांच्या. आई काही बोलली नाही. तिनं दुसरा घाणा सोडला.

त्या वर्षी चोवीस तारखेला ताट आलं तेव्हा आईनं ते आजीच्या हातात पोचूच दिलं नाही. पाटावर ठेवलं आणि आम्हाला हाका मारल्या. आजी दोन दिवस न बोलता राहिली. त्यानंतर दर वर्षी आक्का आमच्यासाठी नानकटाई आणि केक बिनअंड्याचा वेगळा करत, आणि त्यावर फुलीऐवजी ठिपका असे. आजीनं शेवटपर्यंत खाल्लं नाही. पण गाईलाही घातलं नाही, हे सांगायला हवं.

जातीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट नोंदवते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती नाहीत. कागदावर आक्कांच्या सासूबाईंची जात धर्माबरोबर गेली होती. पायरीवर मात्र ती होती.

आता मुलांच्या आवडीचा भाग. त्या घरी नाताळला दर वर्षी एक नवा प्राणी यायचा. छावणीचा गुरुवारचा बाजार मोठा. तिथून काका डिसेंबरच्या सुरुवातीलाच एक कोंबडा आणत, दोन-तीन आठवडे दाणे घालून पोसायला. एका वर्षी आणलेला कोंबडा भलताच रुबाबदार निघाला, छाती काढून अंगणात फेऱ्या मारायचा. मुलांनी त्याचं नाव ठेवलं 'कर्नल'. धाकटा मुलगा त्याला काखोटीला मारून आमच्या ओट्यावर यायचा. कर्नल माझ्या हातची ज्वारी खायचा. मी शाकाहारी घरातली, त्यामुळे हा पाळलाय कशाला हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यांच्या घरी कोपऱ्यात गव्हाणीचा देखावा असे. संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी खरा बैल आणि खरं गाढव उभं करून असा देखावा केला, तेव्हापासून ही प्रथा वाढली म्हणतात. आक्कांकडे बैल होते ते पोळ्याचे! मातीचे, झूल रंगवलेले, पोळा झाल्यावर जपून ठेवलेले. गाढव नव्हतं. धाकट्यानं त्या जागी कर्नलला बसवायचा प्रयत्न केला, तेव्हा कर्नलनं एक मेंढरू फोडलं.

चोवीसच्या रात्री कॅरोल म्हणत मंडळी घरोघर फिरून आली, आणि पंचवीसला सकाळी चर्चहून परतल्यावर धाकट्याला अंगणात कर्नल दिसला नाही. पुढचं सांगत नाही. तो पोरगा आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि त्या दिवशी आमच्याकडे वरणभात जेवला. नाताळच्या दिवशी! आईनं त्याला वरून तूप वाढलं आणि काही विचारलं नाही.

पुढं शिक्षिका झाल्यावर ना. वा. टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' शिकवताना मला दर वेळी तो ओटा दिसायचा. घायाळ पक्षीण पिलांसाठी चारा घेऊन घरट्यात परतते, ती कविता. वर्गात एक तरी पोर रडायचंच. ही कविता लिहिणारा माणूस ख्रिस्ती होता, हे सांगितलं की मुलं चकित व्हायची.

काकांनी काही दिवसांनी स्टेशनवरून एक गावठी पिल्लू आणलं, धाकट्याची समजूत काढायला. तांबूस, एक कान पडलेला. ते चौदा वर्षं जगलं. आणि कोंबडा त्या वर्षापासून चोवीस तारखेलाच येऊ लागला, नाव ठेवायला वेळ मिळू नये म्हणून.

कलकलची कृती द्यायची राहिली. आक्कांची एक जाऊ वसईची, तिच्याकडून ती छावणीत आली आणि आक्कांकडून माझ्याकडे. अर्धा किलो मैदा, चिमूटभर मीठ, तीन-चार चमचे पिठीसाखर, पाव वाटी कडकडीत तुपाचं मोहन. नारळाच्या दाट दुधात घट्ट भिजवायचं. मूळ कृतीत अंडं असतं, आमच्यासाठी ते वगळलेलं. तासाभरानं सुपारीएवढ्या गोळ्या करून नव्या कोऱ्या कंगव्याच्या दातांवर अंगठ्यानं दाबत गुंडाळायच्या, की रेघांची शिंपली तयार होते. मध्यम आचेवर तळून साखरेच्या पाकात घोळवायच्या. कंगवा नवाच घ्या आणि त्याच कामाला ठेवा. हे काम एकटीनं करू नये, कंटाळा येतो. आक्कांकडे चार मुलं आणि आम्ही तिघं असे गोल बसायचो, आणि अर्धं पीठ कच्चंच पोटात जायचं.

आक्का गेल्या, आईही गेली. धाकटा आता निवृत्त होऊन पुण्यात असतो. त्याच्या नातीला गेल्या नाताळला एक महागडं परदेशी पिल्लू भेट मिळालं, त्याचा फोटो त्यानं मला पाठवला. मला आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. भेट म्हणून आलेली अशी पिल्लं पुढं रस्त्यावर सोडली जातात. इंग्लंडात तर १९७८ सालीच कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला सांगावं लागलं होतं की कुत्रा नाताळपुरता नसतो, जन्मभराचा असतो. मी त्याला फोन करून एवढंच सांगितलं की केक त्याच्यापासून लांब ठेव. मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखं असतं. तो म्हणाला, "ताई, केक नाहीच आणला. करंज्या केल्यात."